पुण्याहून लांबच्या हायवे प्रवासात छोट्या गावातला थांबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून स्वतःच्या गाडीने बंगळूर, हैदराबाद, नागपूर किंवा इंदूर-झाशीकडे निघताना मुक्कामाची मोठी शहरं लगेच ठरतात. घोळ होतो तो मधल्या दोन-तीन तासांच्या थांब्याचा. बहुतेक जण आधी गाव निवडतात आणि मग तिथे कधी पोचणार ते बघतात. उलटं करावं. दिवसाच्या अमुक वेळी आपण रस्त्यावर कुठे असू हे आधी काढावं आणि त्या वेळी जे गाव बघण्यासारखं असतं ते निवडावं. खालची बरीचशी उत्तरं याच हिशेबावर उभी आहेत.

दोन तास थांबायचं असेल तर वेळापत्रकात किती वेळ धरायचा?

साडेतीन तास. फाट्यावर हायवे सोडून गावात शिरायला आणि जागा शोधून गाडी लावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. स्वच्छतागृह आणि चहा यांची वीस. सगळी मंडळी पुन्हा गाडीपाशी गोळा व्हायला पंधरा, आणि चारपेक्षा जास्त माणसं असतील तर तेवढ्यात भागत नाही. परत हायवेला लागताना आपल्या दिशेला चढायचा रस्ता बहुधा पुढच्या उड्डाणपुलाखालून वळून घ्यावा लागतो, त्यात आणखी वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे गाव बघण्याआधीच दीड तासाच्या आसपास गेला.

नकाशा अॅप गाडीचा वेळ सांगतं, माणसांचा नाही. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारीला बहुतेक ठिकाणी ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा असली तरी आखणी करताना सरासरी ६० धरा. टोल, ट्रक, वळणरस्ते आणि डिझेल त्यात बसतं. यावरून दिवसाचा हिशेब सरळ निघतो: पहाटे पाच ते संध्याकाळी सहा हे तेरा तास, त्यातले नाश्ता-जेवणाचे दीड, थांब्याचे साडेतीन. उरले आठ, म्हणजे ४८० किलोमीटर. त्या दिवशी सहाशे किलोमीटर कापायचे असतील तर थांबा काढून टाका. दोन्ही जमवायला गेलं की शेवटचे शंभर किलोमीटर अंधारात, थकल्या डोळ्यांनी जातात, आणि अपघाताची भीती सगळ्यात जास्त तिथेच असते.

पुण्यातून किती वाजता निघावं?

बंगळूर रस्त्याला पहाटे साडेचार-पाच. साडेसहानंतर निघालात तर नवले पूल, कात्रजचा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका यातच पाऊण तास सहज जातो. शनिवारी सकाळी महाबळेश्वरची गर्दी त्यात भर घालते. सोलापूर रस्त्याला हडपसर ते लोणी काळभोर हा पट्टा सात वाजायच्या आत मागे टाकायचा. नाशिककडे जाणाऱ्यांना भोसरी, मोशी, चाकण हा टप्पा आहे. तिथे कारखान्यांची पाळी बदलते तेव्हा सापडलात तर उपाय नाही. नगर रस्त्याला वाघोली आणि शिक्रापूर.

पहाटे निघण्याचा दुसरा फायदा टायरना. सकाळचे थंड तास वेगासाठी वापरले तर दुपारचं ऊन थांब्यावर घालवता येतं.

मग पहिला थांबा किती अंतरावर घ्यावा?

नाश्त्याला दोन तासांत थांबा, पण त्याला गावाचा थांबा समजू नका. गावाचा थांबा पुण्यापासून पाच-सहा तासांवर, म्हणजे ३०० ते ४०० किलोमीटरच्या पट्ट्यात बसतो. त्याच्या अलीकडची गावं शनिवार-रविवारी होण्यासारखी असतात. वाईचंच बघा: ढोल्या गणपती, कृष्णेवरचे घाट, तीन किलोमीटरवर मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, सगळं सुंदर. पण बंगळूरला निघालेल्या माणसाने सुरूर फाट्याला आत वळून तीन तास खर्च करण्यात अर्थ नाही. वाई वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवावी.

गाव निवडताना नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी हायवेपासूनचं अंतर. थांबा तीन तासांचा असेल तर एका बाजूने पंधरा किलोमीटरपेक्षा आत जाऊ नका. त्यापुढे रस्ता दुपदरी होतो, मध्ये एखादं रेल्वे फाटक किंवा बाजारपेठ येते आणि जाण्यायेण्याचाच तास होतो. मग हे बघा की तिथली मुख्य गोष्ट एका जागी आहे की चार ठिकाणी विखुरलेली. एक किल्ला, एक घाट किंवा एक देऊळ आणि शेजारची पेठ एवढं पुरे. ‘सात प्रेक्षणीय स्थळं’ अशी यादी असलेलं गाव मुक्कामाचं असतं.

आणि एक बारीक गोष्ट: त्याच रस्त्याने परत यायचं असेल तर जाताना डाव्या हाताची गावं आणि येताना उजव्या हाताची (जी तेव्हा डावीकडे येतात) अशी वाटणी करा. दुभाजक ओलांडायचा खटाटोप दोन्ही वेळा वाचतो.

दुपारी पोचलो तर काय अडचण आहे?

दुपारी एक ते चार बंद ही काही पुण्याचीच मक्तेदारी नाही. कर्नाटकातली आणि मध्य प्रदेशातली बरीच मोठी देवळं दुपारी बारा-एकला बंद होतात आणि संध्याकाळीच उघडतात. ओरछाचं रामराजा मंदिर तर दुपारी मिटलं की थेट सात-आठला दर्शनाला खुलं होतं. पुरातत्त्व खात्याचे किल्ले साधारण सूर्योदय ते सूर्यास्त उघडे असतात, पण तिकीट खिडकी त्याच्या आधी मिटते आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी तापलेल्या दगडावर चढणं मुलांना आणि ज्येष्ठांना झेपत नाही. लहान सरकारी संग्रहालयांना आठवड्याची सुट्टी असते, बऱ्याच ठिकाणी सोमवारी. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारणं सगळ्यात खात्रीचं.

दुपारी बारा ते तीनमध्ये पोचणारच असाल तर जेवण आणि सावली असलेली जागा निवडा: पेठ, वाडा, विणकरांचे माग. सकाळी लवकर किंवा चारनंतर पोचत असाल तर किल्ला, घाट, तलाव.

आठवडी बाजाराचा दिवसही विचारून ठेवा. बाजार बघायचा असेल तर ती पर्वणी, पण गाडी लावायची असेल तर शिक्षा.

पुणे-बंगळूर रस्त्यावर (राष्ट्रीय महामार्ग ४८) कुठे थांबावं?

पुणे ते बंगळूर सुमारे ८४० किलोमीटर. एका दिवसात जाणारे बरेच आहेत, पण गावाचा थांबा हवा असेल तर प्रवास दोन दिवसांचा करा. खंबाटकी घाट उजाडायच्या सुमारास पार होतो. साताऱ्यापुढे कागलपर्यंतच्या सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी वळणरस्ते आहेत, म्हणून या टप्प्याला अर्धा तास जास्त धरा.

कराड (सुमारे १६० किलोमीटर) नाश्त्याला बरं पडतं. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आणि तिथली यशवंतराव चव्हाणांची समाधी सकाळी तासाभरात होते. फक्त कोल्हापूर नाक्यावरची कोंडी टाळायला साडेआठच्या आत बाहेर पडा.

पहिल्या दिवसाचा खरा थांबा म्हणजे कित्तूर. बेळगाव सोडल्यावर पन्नासेक किलोमीटरवर, धारवाडच्या तीसेक किलोमीटर अलीकडे, हायवेला लागूनच. ऑक्टोबर १८२४ मध्ये राणी चन्नम्माच्या फौजेने इंग्रजांचा हल्ला इथे परतवला. त्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. किल्ल्याच्या आत राजवाड्याचे अवशेष आहेत. भिंती पडक्या असल्या तरी दालनं, पाण्याची व्यवस्था, चौक हे सगळं ओळखू येतं. आवार सपाट आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. पुण्याहून पाचला निघालात तर बारा-साडेबाराला पोचाल. जेवण बेळगावातच उरकून या, म्हणजे थांब्याचा वेळ किल्ल्याला मिळतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कित्तूर उत्सव असतो. तेव्हा खास उत्सवासाठी येत नसाल तर सरळ पुढे जा.

धारवाडला पेढ्यांसाठी आत शिरावं का, हा प्रश्न हमखास येतो. शहराला बायपास आहे आणि लाइन बाझारपर्यंत जाऊन यायला तास जातो. पेढा खव्याचा, खरपूस भाजलेला, वरून साखरेत घोळवलेला. चार-पाच दिवस टिकतो. म्हणून तो परतीच्या वाटेवर घ्या. जाताना घेतलात तर बंगळूरला पोचेपर्यंत डबा रिकामा होतो.

चित्रदुर्गाचा किल्ला या रस्त्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि चुकीच्या वेळी गाठली जाणारीही तीच. पुण्यापासून साधारण ६४० किलोमीटर, म्हणजे पहाटे निघूनही संध्याकाळी पाच-सहाशिवाय पोचत नाही. तोवर तिकीट खिडकी मिटायला आलेली असते. किल्ल्याला सात तटांच्या रांगा आहेत, ग्रॅनाइटच्या गुळगुळीत खडकांवरून चढ आहे, आणि ओनके ओबव्वाने मुसळाने हैदरअलीचे सैनिक जिथे मारले ती प्रसिद्ध खिंड धरून फेरी मारायला अडीच तास लागतात. हैदरअलीने १७७९ मध्ये किल्ला घेतला तोही पहिल्या प्रयत्नात नाही. तेव्हा पहिल्या रात्रीचा मुक्काम दावणगिरीत किंवा चित्रदुर्गातच करा आणि किल्ला उघडताच आत जा. नऊच्या आत बाहेर पडून दावणगिरी पद्धतीचा बेण्णे (लोण्याचा) डोसा खाल्ला तरी बंगळूर दोनशे किलोमीटरच राहतं, चार तासांत होतं. पायात पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. माकडं आहेत, हातात खाण्याची पिशवी धरून चालू नका.

हैदराबाद रस्त्यावर?

राष्ट्रीय महामार्ग ६५ वर सोलापूर ओलांडल्यावर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर नळदुर्ग आहे. पुण्याहून सुमारे ३०० किलोमीटर, पाच-सहा तास. किल्ला रस्त्याच्या जवळच असल्यामुळे आत-बाहेर करण्यात वेळ जात नाही. बोरी नदीचं पाणी वळवून किल्ल्यात घेतलंय आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधलाय. हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं. नर आणि मादी हे दोन धबधबे पावसाळ्यात पाणी बांधावरून सांडायला लागलं की सुरू होतात. नोव्हेंबरनंतर गेलात तर धबधबा नाही, पण महाल निवांत बघता येतो. दोन तास पुरतात.

नळदुर्गला थांबलोच आहोत तर तुळजापूरही करू, असा मोह होतो. अंतर पस्तीसेक किलोमीटरचंच आहे, पण दर्शनाची रांग आपल्या हातात नसते. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात तर विचारही करू नका. तुळजाभवानीचं दर्शन हा स्वतंत्र प्रवास ठेवावा.

भिगवण (सुमारे १०० किलोमीटर) आमच्याच वरच्या नियमात बसत नाही, पण त्याला अपवाद करावा. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. धरण तुडुंब असतं तेव्हा त्यांना उथळ जागा मिळत नाही. पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की ते मोठ्या संख्येने दिसतात, म्हणून डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी-मार्च चांगला. पहाटे साडेचारला निघून सातच्या आत कुंभारगावच्या काठावर पोचा. नावाडी किती वेळ फिरवणार आणि भाडं नावेचं की माणशी, हे बसण्याआधी ठरवून घ्या. लाइफ जॅकेट मागून घ्या.

नागपूरला समृद्धीने जाताना कुठे उतरावं?

लोणार. नागपूर ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. पुणेकर अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करून त्यावर चढतात. जालन्याला उतरून राज्यमार्गाने लोणार गाठायचं आणि पुढे मेहकरला पुन्हा समृद्धीवर चढायचं, म्हणजे उलट येणं पडत नाही. समृद्धीवर टोल प्रत्यक्ष कापलेल्या अंतराचा लागतो, त्यामुळे मध्ये उतरल्याचा फार तोटा नाही.

उल्का आदळून बेसाल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. २०२० मध्ये त्याला रामसर (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. काठावरून विवर आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर, एवढं दीड तासात होतं. खाली पाण्यापर्यंत उतरलात तर अर्धा दिवस गेला, आणि दुपारी चढून येताना दमछाक होते. काठ किंवा तळ, यातलं एक आधीच ठरवा.

समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. सोयींची ठिकाणं लांब लांब आहेत. टाकी, पाणी आणि पोट तिन्ही भरूनच चढा.

उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी?

इंदूरच्या वाटेवर महेश्वर. धुळ्यानंतर सेंधवा, मग धामणोद. तिथून नर्मदेकडे तेरा किलोमीटर. पुण्याहून धामणोद पाचशेच्या पुढे, म्हणजे पोचेपर्यंत संध्याकाळ. हे इथे पथ्यावर पडतं, कारण महेश्वरचा घाट बघायची वेळच ती. अहिल्याबाई होळकरांनी राजधानी इथे आणली आणि १७९५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत कारभार इथूनच चालला. रात्री राहा, सकाळी किल्ल्यातल्या वाड्यात आणि विणकरांकडे जा. साडी घ्यायची असेल तर हातमाग आणि यंत्रमाग यातला फरक विचारा आणि दोन्ही कापडं शेजारी ठेवून बघा. साडेदहाला निघून इंदूर जेवणाच्या वेळेला. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात उतारावर ट्रकच्या मागे अंतर ठेवा आणि खालच्या गिअरवर उतरा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून पकड सोडतात.

झाशीच्या पुढे निघणाऱ्यांना ओरछा वळण घेण्यासारखं आहे, झाशीपासून पंधरा-अठरा किलोमीटर. जहांगीर महाल सकाळी, बेतवेच्या काठच्या छत्र्या (राजांच्या समाध्या) संध्याकाळी. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात सकाळी दाट धुकं पडतं. पुण्याच्या सवयीने पाचला निघू नका. धुकं विरेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, गावातच फिरा.

गाडी कुठे लावायची?

जुन्या पेठेच्या बाहेर. नकाशा अॅप देवळाच्या दारापर्यंतचा रस्ता दाखवतं, पण तो दुचाकीपुरता आहे की मोटार जाईल हे त्याला कळत नाही. रस्ता अरुंद होतोय आणि दोन्ही बाजूंना उघडी गटारं दिसतायत असं वाटलं की तिथेच थांबा. एसटी किंवा बस स्टँडजवळ, शाळेच्या मैदानाकडेला किंवा पेट्रोल पंपाच्या बाजूला (डिझेल भरून, विचारून) लावा आणि पुढे रिक्षा करा. तोंड बाहेरच्या दिशेला करून लावली तर निघताना मागे घेण्याची कसरत राहत नाही. शाळेपाशी लावाल तर शाळा सुटायची वेळ विचारून घ्या.

सामान डिकीत, झाकलेलं. गावात आल्यावर लोकांसमोर डिकी उघडून बॅगा आत सरकवण्यापेक्षा ते काम आधीच्या चहाच्या थांब्यावर करा. लॅपटॉप आणि कागदपत्रं पाठीवर.

स्वच्छतागृहाचं काय?

विशेषतः बायकांसाठी हा थांब्याच्या आखणीतला पहिला मुद्दा असायला हवा. गावात शिरण्याआधी हायवेवरच उरकून घ्या: कंपनीच्या थेट देखरेखीतले मोठे पंप आणि कुटुंबं उतरतात ते मोठे ढाबे त्यातल्या त्यात बरे. लहान गावात स्टँडचं स्वच्छतागृह शेवटचा पर्याय. किल्ल्यावर असेल असं धरूच नका. टिश्यू, साबणाचा कागद आणि पाण्याची भरलेली बाटली हाताशी ठेवा; नळ असतो, पाणी नसतं.

जेवण गावात की हायवेवर?

गावात, पण वेळ सांभाळून. लहान गावातल्या खानावळीत जेवण साडेबारा ते अडीच. त्यानंतर गेलात तर भाकरी संपलेली असते. स्टँडजवळ जिथे बस कंडक्टर आणि बाजाराला आलेली माणसं बसलेली दिसतात तिथे अन्न ताजं, कारण ते टिकतच नाही. दुपारी गाडी चालवणाऱ्याने पोटभर भात आणि ताक घेऊ नये, झोप येते. सहा-सात माणसं असाल तर गावात शिरतानाच खानावळीत सांगून ठेवा आणि मग फिरायला जा.

टोल आणि फास्टॅगचं काय बघून ठेवायचं?

शिल्लक आणि केवायसी आदल्या दिवशी तपासा. टॅग बंद पडला तर राष्ट्रीय महामार्गावर जास्त टोल पडतो. नोव्हेंबर २०२५ च्या नियमाप्रमाणे रोखीत दुप्पट, यूपीआयने भरल्यास सव्वापट होता. खासगी मोटारीसाठीचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झाला: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. समृद्धी आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग राज्याचे असल्यामुळे तिथे नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात, म्हणून पास असला तरी शिल्लक ठेवावीच लागते. गावासाठी हायवे सोडून परत चढल्यावर पुढचाच नाका लागतो, वेगळा भुर्दंड पडत नाही.

थांब्यावर गाडीचं काय तपासावं?

चारही टायरवर नजर टाका, हात मागच्या बाजूने फिरवा. खिळा किंवा फुगवटा इथेच सापडतो. हवा मात्र सकाळी निघताना, टायर थंड असताना भरायची. दोन तास पळालेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआय जास्त दिसतो, ते स्वाभाविक आहे. तो कमी करून घेतलात तर थंड झाल्यावर टायर मऊ पडतो, पुढे जास्त तापतो आणि फुटतो. पंपावरचा मुलगा ‘जास्त आहे, काढतो’ म्हणाला तर नको म्हणा. स्टेपनीची हवा बहुतेकांची तपासायची राहते. ती पुण्यातच बघा आणि जॅक, पाना जागेवर आहेत ना तेही.

गाडी बंद पडली तर शक्य तितकी डावीकडे घ्या, त्रिकोण पन्नासेक मीटर मागे ठेवा, माणसांना गार्डरेलच्या पलीकडे उभं करा आणि १०३३ ला फोन करा. हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक आहे. पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

तुमचा थांबा चार्जरने आधीच ठरवलेला आहे. ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २७ युनिट लागतात. चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, पण दोन्ही गन (गाडीला लावायच्या चार्जिंग केबल) चालू असतील तर बऱ्याच ठिकाणी वाट्याला तीसच येतात, म्हणजे पंचावन्न मिनिटं ते तास. ८० च्या पुढे वेग फार मंदावतो, तिथे बसून राहू नका. गावापासून तीन-चार किलोमीटरच्या आतला चार्जर निवडून गाडी तिथे लावा, रिक्षाने गावात जा, आणि चार्ज पूर्ण होण्याच्या वेळेला परत या. नाहीतर गन अडवल्याचे पैसे पडू शकतात. अॅपवर ‘उपलब्ध’ दिसत असलं तरी तासभर आधी तिथल्या माणसाला फोन करा. आणि पुढच्या चार्जरपर्यंत पोचण्यापुरतं नाही, त्याच्याही पुढच्या चार्जरपर्यंत जाईल इतकं चार्ज घेऊन निघा.

सीएनजीवाल्यांनी सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली आहे का ते पाहावं, पाटी नसेल तर पंपावर भरून देत नाहीत. रांगेचा वेळ वेगळा धरा.

कागदपत्रं?

आरसी, विमा, पीयूसी आणि परवाना डिजिलॉकरमध्ये असले की चालतं. पण गावात रेंज जाते, म्हणून ते अॅप एकदा उघडून बघा आणि छापील प्रतीही डॅशबोर्डमध्ये ठेवा. भाड्याची सेल्फ ड्राइव्ह गाडी असेल तर ती कोणत्या राज्यांत नेता येते हे करारात वाचा. मुक्कामाला प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, एकट्या गाडीमालकाचं पुरत नाही.

मुक्काम गावात करावा की हायवेवर?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बघायचं असेल तर गावात, नुसतं झोपायचं असेल तर बायपासला. फोनवर तीन गोष्टी विचारा: गाडी आवारात राहते का, गरम पाणी किती वाजता येतं, आणि पहाटे गेट कोण उघडतं. शेवटचा प्रश्न गमतीचा वाटतो, पण पाच वाजता बंद कुलपासमोर उभं राहिलं की वाटत नाही. लग्नसराईत लॉज वऱ्हाडाने भरलेले असतात; तेव्हा आधी बुकिंग करा आणि कार्यालय शेजारी नाही ना तेही विचारा.

भाषेची अडचण येते का?

निपाणी, बेळगावपर्यंत मराठी चालते. धारवाडपुढे पेठेत हिंदीवर भागतं, पण रिक्षावाल्याला आणि खेड्यातल्या दुकानदाराला गावाचं नाव स्थानिक उच्चारात सांगा. फाट्यांवरच्या लहान पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा आणि ठिकाणाचं नाव कन्नड लिपीत फोनवर ठेवा.

उशीर झाला तर काय वगळायचं?

गाव. नाश्ता, जेवण आणि विश्रांती वगळून वेळ भरून काढायचा नाही. साधा नियम ठेवा: ठरलेल्या फाट्यावर ठरलेल्या वेळेपेक्षा तासाहून जास्त उशिरा पोचलात तर आत वळायचं नाही. हा निर्णय निघण्यापूर्वी घरी सगळ्यांसमोर करून ठेवा, कारण फाट्यावर मतदान घेतलं की नेहमी ‘पटकन जाऊन येऊ’ हेच जिंकतं. वगळलेलं गाव परतीच्या यादीत पहिलं टाका; येताना तिथे कितीला पोचू ते मात्र नव्याने मोजा, कारण सकाळचं गाव परतीला बहुधा दुपारचं झालेलं असतं.